हाताला गुण

साक्षी रणवरे दसऱ्याच्या तोंडावर हॉस्टेल सोडून घरी निघून गेली, तेव्हा कस्तुरीला सगळ्यात आधी आला तो राग. काळजी मागाहून आली, आणि तीही बेताचीच. दोघी सांगलीतल्या एका कॅन्सर रुग्णालयात किरणोपचाराचं पुढचं शिक्षण घेत होत्या. दोघी दुसऱ्या वर्षाला, खोलीही एकच. साक्षी गेली आणि तिच्याकडचा अख्खा पुरुषांचा वॉर्ड त्याच दिवशी कस्तुरीच्या गळ्यात पडला. स्वतःच्या वॉर्डानं तिच्या नाकी नऊ आणले होते ते वेगळंच.

कस्तुरी मगदूम भिलवडीची. घर जैन, सगळे दिवस मावळायच्या आत जेवणारे. आई रोज फोनवर विचारायची, "दिवसाउजेडी जेवलीस ना गं?" आणि कस्तुरी रोज "हो" म्हणायची. आपण नेमकं कधी जेवतो हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पहिल्या वर्षी मेसच्या डब्यातले बटाटे ती निवडून बाजूला काढायची आणि साक्षी ते मिटक्या मारत खायची. आता पुढ्यात काय आहे ते बघायची शुद्धही राहिली नव्हती. डबा उघडायचा, उभ्या उभ्या गिळायचं, पाणी प्यायचं. केस विंचरले की फणी भरून निघायची. पहिल्या वर्षी तिला पेशंटची नावं, गावं, कुणाची नात पोलीस भरतीला बसली आहे, कुणाची म्हैस व्यायला झाली आहे, सगळं तोंडपाठ असायचं. आता ती राउंडला "खिडकीजवळची गर्भपिशवी", "कोपऱ्यातलं तोंड" असं म्हणायची. ते कुणाला खटकायचं नाही. सगळेच तसं म्हणायचे.

साक्षीला मात्र ते कधी जमलं नाही. ती पेशंटच्या कॉटवर बसायची, त्याचा हात हातात घ्यायची, आणि मग पुढचं काम तुंबायचं. बायाबापड्या म्हणायच्या, "ह्या बाईच्या हाताला गुण हाय." कस्तुरीला ते ऐकून हसू यायचं. ज्यांना गुण येत नव्हता ते तसं सांगायला परत येत नव्हते, इतकंच.

मग ती चष्म्याची गोष्ट झाली. म्हसवडकडचा एक माणूस वॉर्डात होता. अन्ननलिकेचा आजार, पार हाताबाहेर गेलेला. बायको रंगुबाई उशाशी बसून असायची. एका सकाळी साक्षी राउंडला गेली तर तिनं पदर सावरत विचारलं, "बाई, ह्यांच्या चष्म्याचा लंबर वाढलाय. आत्ताच बदलून घिऊ, का घरी गेल्याव?"

त्या माणसाचं घरी जाणं होणार नव्हतं. साक्षी काहीतरी सांगायला गेली आणि तिला हसू फुटलं. साधं हसू नव्हे. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ती हसत राहिली. नर्स बघत राहिली. रंगुबाई आधी बावरली, मग तीही हसली. डॉक्टरीणबाई एवढी हसती म्हणजे काहीतरी चांगलंच असणार, असा तिनं अर्थ काढला. नवऱ्याला म्हणाली, "बगा, मी म्हनलं न्हवतं?" दुपारी गावभागात जाऊन तिनं नवा चष्मा करून आणला. तो माणूस नव्या चष्म्यातच गेला.

त्यानंतर साक्षी वॉर्डाच्या दारापर्यंत जायची आणि तिथंच घुटमळायची. एकदा तिनं कस्तुरीला विचारलं, "माझी दोन दिवसांची ड्युटी घेशील?"

"मग माझी कोण घेणार?" कस्तुरी म्हणाली.

साक्षीनं पुन्हा विचारलं नाही. दोन दिवसांनी तिची कॉट रिकामी होती.

ती गेल्यावर संस्थेनं मोठीच तत्परता दाखवली. 'ताणतणावातून आनंदाकडे' असं एक व्याख्यान ठेवलं, हजेरी सक्तीची. पुण्याहून आलेल्या वक्त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून श्वासाकडं लक्ष द्यायला लावलं. खाली किमोच्या दालनात लोक सलाइनची वाट बघत ताटकळले होते. शेवटी वक्ते म्हणाले, "आपल्या कामात समाधानी कोण कोण आहे? हात वर करा." पहिल्या रांगेत सर बसले होते. सगळे हात वर गेले. कस्तुरीचाही गेला. तिच्या पलीकडचा एक जण बसल्या बसल्या झोपला होता, त्याचा हात शेजाऱ्यानं धरून वर केला.

सर म्हणजे विभागप्रमुख. माणूस वाईट नव्हता. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, सगळ्यांच्या नंतर जायचे, आणि आपण सोसलं ते पुढच्यांनी सोसावं यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं. डिसेंबरात त्यांनी कस्तुरीला बोलावलं.

"साक्षीचं काय ते आता मला वर कळवावं लागेल. एकदा कळवलं की जागा गेली, परत मिळत नाही. तू तिची मैत्रीण. रविवारी जाऊन ये."

"सर, रविवारी माझी सुट्टी आहे. तीन महिन्यांत पहिली."

"म्हणून तर म्हणतोय, जाऊन ये."

कस्तुरीनं मान हलवली. मनात म्हणाली, बरंच झालं. ती परत आली तर अर्धा वॉर्ड तरी खांद्यावरून उतरेल.

एसटी विट्यावरून, दहिवडीवरून फलटणला जाणारी. वाटेत काय लागलं ते कस्तुरीनं पाहिलंच नाही. सांगली सुटताच तिचा डोळा लागला तो फलटणच्या स्टँडवर कंडक्टरनं हाक मारली तेव्हा उघडला. साक्षीचे वडील नाथाजी न्यायला आले होते. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, पाठ अजून सरळ, मिश्या पांढऱ्या. त्यांनी कस्तुरीची पिशवी स्वतः घेतली, स्कूटरला अडकवली, पण स्कूटर सुरू करायच्या आधी जरा थांबले.

"डॉक्टर, येक इचारू का? तितं पोरीचं कायतरी चुकलं का? कुनी बोललं का तिला?"

"नाही काका. चुकलं काही नाही."

"मग न्हाई कळत. आमच्या पल्टनीत पोस्ट सोडून आल्याला भगोडा म्हनत्यात. पर पोटच्या पोरीला कसं म्हनू? गावात सांगितलंय, सुट्टीवर आलीया. आता सुट्टी तरी किती लांबवायची?" ते खाली बघत म्हणाले. "तुमी समजावून सांगा. तुमचं आयकंल."

हंगाम जोरात होता, आणि हंगामात साखर कारखान्याला रविवार नसतो. उसानं भरलेल्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. मळीचा आंबूस, गोडसर वास हवेत भरून राहिला होता. घरी आल्यापासून साक्षी बसत होती तो कारखान्याचा दवाखाना म्हणजे फाटकाजवळच्या दोन खोल्या. नाथाजी तिला दारात सोडून निघून गेले. आत साक्षी एका माणसाच्या भाजलेल्या हाताची पट्टी बदलत होती.

कस्तुरी दारातच थांबून बघत राहिली. साक्षीचा चेहरा भरला होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. केसांना तेल लावून तिनं चक्क वेणी घातली होती. कस्तुरीला वाटलं, हिला ओढत न्यावं.

"अगं, ये ना! एवढी वाळलीस?" साक्षी म्हणाली, आणि लगेच तो हात पुढं करून दाखवला. "हे बघ. बॉयलरजवळ भाजला होता. आठवड्यात कातडी धरली. इथं माणूस सोमवारी रडत येतो आणि शनिवारी हसत येतो, कस्तुरी. असं असतं हे मी विसरूनच गेले होते."

तो माणूस गेल्यावर दोघी चहा प्यायल्या. कस्तुरीनं सरांचा निरोप सांगितला, जागा जाईल म्हणून सांगितलं, दीड वर्षच राहिलंय म्हणून सांगितलं. साक्षी ऐकत होती, कपाची कड पुसत होती.

"तू मला न्यायला आलीस," ती म्हणाली, "की तुझ्या ड्युटीला जोडीदार न्यायला?"

"दोन्ही," कस्तुरी म्हणाली. खोटं बोलायचंही तिला जिवावर आलं होतं.

साक्षी हसली. "निदान खरं तरी बोललीस. बरं. सरांना सांग, विचार करते म्हणावं. महिनाभर थांबा. हा हंगाम निम्मा होऊ दे, मग बघू. तेवढं सांगशील ना?"

"सांगते."

इतक्यात दारात एक माणूस आला. पन्नाशीचा, अंगानं किरकोळ, खाकी शर्टाच्या बाहीवर उसाची कूस लागलेली. जिथं ऊस यंत्रात पडतो त्या गव्हाणीवर तो कामाला होता. नाव ज्योतिबा. त्यानं दोघींनाही नमस्कार केला. "बाई, ते लावायचं जेल संपलं बगा," तो म्हणाला.

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत साक्षीचा हात कपाटाकडं गेला होता. तिनं ट्यूब काढली, वर आठ-दहा व्हिटॅमिनच्या गोळ्या कागदात बांधल्या. त्याच्या तोंडाकडं तिनं पाहिलंही नाही. कस्तुरीनं पाहिलं. बोलताना तो उजवा गाल आवरून धरत होता, आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं.

"मामा, इकडं या. आ करा," कस्तुरी म्हणाली.

"कस्तुरी, राहू दे," साक्षी म्हणाली.

कस्तुरीनं मोबाइलचा दिवा लावला. गालाच्या आत, खालच्या दाढांना लागून, कडा वर आलेली जखम होती. मधे लाल, भोवती पांढरट. तिनं हातमोजा घालून बोट लावलं. दगडासारखं घट्ट. गळ्याखाली चाचपलं, तिथं एक गाठ हरभऱ्याएवढी हाताला लागली. असं तोंड ती रोज बघत होती. ते ओळखायला तिला फोटो लागत नव्हता की तपासणीला काढलेला तुकडा लागत नव्हता. कागदोपत्री लागेल, तो पुढं.

"कधीपासून आहे?"

"गळीत सुरू झालं तवापास्नं. लय ठणकत हुतं. ह्या बाईंनी गोळ्या दिल्या, ठणका पळाला. लय गुण हाय बाईंच्या हाताला."

"मामा, जरा बाहेर बसा."

तो बाहेर गेल्यावर कस्तुरीनं दार लोटलं. "तुला कळलं नाही?"

साक्षी टेबलावरचा एक डाग बोटानं घासत होती. "पहिल्याच दिवशी कळलं."

"मग?"

"तोंड उघडलं, पण शब्द बाहेर येईना. म्हटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, बाई, बरं वाटतंय. काय खुलला होता! मग रोजच उद्या." ती मान वर न करता बोलत होती. "आणि तिकडं पाठवून तरी काय करतो आपण? कापतो, भाजतो, आणि मग म्हणतो घरी न्या."

"हा बरा होणाऱ्यातला होता, साक्षी! सगळेच रंगुबाईच्या नवऱ्यासारखे नसतात. तुला माहीत आहे हे. परीक्षेत तूच पहिली आली होतीस!"

"होता म्हणालीस?"

"अजून आहे. पण आता जबडा जाईल."

साक्षीनं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत बसली. ती रडेल असं कस्तुरीला वाटलं होतं, पण ती रडली नाही. नुसतं म्हणाली, "तू सांग त्याला. मला सांगता येत नाही."

"मला तरी कुठं येतं? मी फक्त सांगते." कस्तुरीचा आवाज चढला. "पळून आलीस त्याचं मला काही नाही. माझ्यात धमक असती तर मीही आले असते. पण पळायचं तर गळ्यातला स्टेथोस्कोप तरी काढून ठेवायचा. पळून येऊन इथं डॉक्टर म्हणून बसायचं आणि माणसाला जेल लावायचं, हे कुठलं गं?"

बाहेर ज्योतिबा बाकावर बसून ट्यूबवरची अक्षरं न्याहाळत होता.

त्याच दुपारच्या एसटीनं कस्तुरी त्याला आणि त्याच्या बायकोला, मनुबाईला, घेऊन सांगलीकडं निघाली. ज्योतिबा आधी तयार होत नव्हता. हंगाम आहे, रजा कोण देणार, म्हणत होता. नाथाजींनी मुकादमाशी बोलून रजा मिळवून दिली. त्यांना बाकी काही कुणी सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा पिशवी उचलली, एसटीत ठेवली, आणि साक्षी का येत नाही हे न विचारता परत फिरले.

मायणी मागं पडल्यावर ज्योतिबानं विचारलं, "बाई, नेमकं काय हाय म्हनायचं?"

"कॅन्सर आहे, मामा. ऑपरेशन करून काढता येईल. मग किरणांचे शेक द्यायचे. बरं होण्यासारखं आहे." ओपीडीत ती रोज हीच वाक्यं याच चालीत म्हणायची.

ज्योतिबा खिडकीबाहेर बघू लागला. मनुबाईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. मग तो म्हणाला, "साक्षीबाई तर आसलं काय म्हनल्या न्हाईत."

कस्तुरीच्या जिभेवर खरं आलं होतं. फार नाही, एका वाक्याचं काम होतं. मग नाथाजींची ती सरळ पाठ तिच्या डोळ्यांपुढं आली. कारखान्यावर ही गोष्ट पसरायला एक दिवस लागला नसता.

"तिथं तपासायची साधनं नाहीत," ती म्हणाली. "त्यांना कळणं शक्य नव्हतं."

"तेच म्हनलं," मनुबाई म्हणाली. "त्यास्नी ठावं आसतं तर त्यांनी सांगितलंच आसतं. त्या तशा न्हाईत."

सोमवारी सरांनी वॉर्डातच विचारलं, "काय म्हणाली?"

महिनाभर थांबा, विचार करते, असा निरोप होता. तो तिनं "सांगते" म्हणून घेतला होता. रात्री कॉटवर पडल्यापासून ज्योतिबाचं ते तोंड तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि आत्ता सकाळी दोन्ही वॉर्डांच्या फायलींचे गठ्ठे तिच्यापुढं पडले होते.

"येणार नाही, सर," ती म्हणाली. आणि सर वळले तेव्हा मागून म्हणाली, "येऊही नये."

सरांनी तिच्याकडं एकदा पाहिलं. "ठीक," म्हणाले. त्या आठवड्यात साक्षीची जागा गेल्याचं वर कळवलं गेलं.

ज्योतिबाचं ऑपरेशन लगेच झालं. गालाचा आतला भाग गेला, खालच्या जबड्याचा तुकडा गेला, छातीवरचं मांस आणून भगदाड बुजवलं. ऑपरेशननंतर हात पुसत सर्जन कस्तुरीला म्हणाले, "दोन महिने आधी पाठवला असता तर हाड वाचलं असतं. कोण जेल लावत बसला होता याला?"

"असेल कोणीतरी गावाकडचा," कस्तुरी म्हणाली.

पुढं शेक सुरू झाले तेव्हा ज्योतिबा तिच्याच विभागात आला. रोज यायचा, मशीनखाली मुकाट झोपायचा. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघालं. नाकातून नळी घातली. थुंकी चिकट झाली, चव गेली, पाण्याचा घोटही आगीसारखा जायचा. बोलणं आधीच बोबडं झालं होतं. मनुबाई त्याचं बोलणं समजून घेऊन सांगायची. कस्तुरी तोंड बघायची, औषध लिहायची, "होणारच असं, सोसा थोडं" म्हणायची आणि पुढच्याला बोलवायची. रांग दारापर्यंत असायची. त्याच्या बाबतीत तिनं कसूर केली नाही. नळी निसटली तेव्हा जेवण टाकून ती बसवायला तीच गेली होती. रक्त कमी झालं तेव्हा बाटलीसाठी तिनंच चार ठिकाणी फोन केले. फक्त त्याच्याजवळ बसायला तिला जमलं नाही. खरं सांगायचं तर बसावंसं वाटलंही नाही.

एक दिवस तो काहीतरी पुटपुटला. मनुबाईनं सांगितलं, "म्हनत्यात, साक्षीबाई हात धरून बोलायच्या. तेवढ्यानं ठणका कमी व्हायचा."

कस्तुरी लिहिता लिहिता थांबली. तिनं पेन खाली ठेवलं. "मामा, तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली. ज्योतिबानं तिच्याकडं पाहिलं. त्याचा चेहरा एका बाजूला ओढला गेला होता, त्यामुळं तो सारखा कशाला तरी नाकबूल असल्यासारखा दिसायचा. तेवढ्यात दारातून स्ट्रेचर आलं, त्यावरच्या बाईला धाप लागली होती, आणि कस्तुरी उठली. परत आली तेव्हा ती दोघं गेली होती.

शेक संपले. घरी जायच्या दिवशी मनुबाई कागद घ्यायला आली. कस्तुरीनं फेरतपासणीचं समजावून सांगितलं, तंबाखूला शिवायचं नाही म्हणून बजावलं.

"बाई," मनुबाई जरा अडखळत म्हणाली, "ती तपासनी साक्षीबाईंकडं केली तर चालंल का? जवळ पडंल. आन् ह्यांचा जीव त्यांच्याव हाय. त्यांच्या हाताला गुण हाय. त्यांच्याकडं हुते तवर ह्यांचं तोंड शाबूत हुतं. तुमी घिऊन आलासा आन् तोंड गेलं." तिच्या आवाजात राग नव्हता. पाऊस पडला आणि भिंत गेली, असं सांगावं तसं ती सांगत होती.

"नाही चालणार," कस्तुरी म्हणाली. "इथंच यायचं. दर महिन्याला."

"बरं," मनुबाई म्हणाली आणि कागद पिशवीत घालून निघाली. ज्योतिबा दारात उभा होता. त्यानं सरांना हात जोडले, सिस्टरला जोडले, मशीनवरच्या माणसाला जोडले. कस्तुरीकडं बघून त्यानं मान हलवली.

पाडवा झाल्यावर एका दुपारी साक्षीचा फोन आला. तीन महिन्यांत पहिला.

"ज्योतिबा आला होता," ती म्हणाली. "पेढे घेऊन. स्वतःला खाता येत नाहीत, पण सगळ्या दवाखान्यात वाटले. माझ्या पाया पडायला लागला गं. म्हणाला, तुमच्या आशीर्वादानं वाचलो."

कस्तुरीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू त्याला सांगितलं नाहीस? मला आधीपासून कळत होतं ते?"

"नाही."

"का?"

कस्तुरीनं खरं उत्तर शोधून पाहिलं. मैत्री म्हणून, की नाथाजींसाठी, की आणखी कशासाठी. "एकदा सांगायला गेले होते," ती म्हणाली. "मग वेळ झाला नाही."

पलीकडं कारखान्याचा घरघराट ऐकू येत होता. मग साक्षी म्हणाली, "तो चालत आला, कस्तुरी. बोलत होता. बोबडा का होईना, बोलत होता. ऑपरेशन, शेक सगळं होऊन चांगला झालेला माणूस मी इतक्या दिवसांत नीट बघितलाच नव्हता. आपल्याकडं जे बरे होतात ते घरी जातात आणि आपल्यापुढं उरतात ते..." ती थांबली. "मी परत येऊ म्हणते. महिनाभर थांबा हा माझा निरोप ऐकून सर काय म्हणाले होते? जरा उशीर झाला, पण विचारून बघशील?"

कस्तुरी जिन्यात उभी होती. वरून कोणीतरी तिला हाक मारत होतं.

"मी तो निरोप दिलाच नाही," ती म्हणाली. "येणार नाही म्हणून सांगितलं. येऊ नये म्हणूनही सांगितलं. डिसेंबरातच जागा गेली."

साक्षी भांडेल, शिव्या देईल म्हणून ती वाट बघत राहिली. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"तेव्हा तुझं बरोबरच होतं," साक्षी अखेर म्हणाली. "आत्ता असतं का, ते कुणास ठाऊक." आणि तिनं फोन ठेवला.

पुढं साक्षी कारखान्याच्या दवाखान्यातच राहिली. तिच्याकडं तोंडातली जखम घेऊन कोणी आलं की ती आता त्याच दिवशी चिठ्ठी देऊन सांगलीला पाठवते. चिठ्ठीवर कस्तुरीचं नाव नसतं, विभागाचं असतं. नाथाजींनी गावात सुट्टीचं सांगायचं सोडून दिलं. कस्तुरी पास झाली आणि सरांनी तिला तिथंच ठेवून घेतलं. आता नव्या पोरांच्या ड्युट्या ती लावते, आणि कोणी ड्युटी बदलून मागितली तर विचारते, जो घेईल त्याची मग कोण घेणार.

ज्योतिबा दर महिन्याला फेरतपासणीला येतो. आजार उलटलेला नाही. ती आ करा म्हणाली की करतो, मिटा म्हणाली की मिटतो. बाहेरच्या बाकावरच्या माणसांशी तो आपल्या बोबड्या बोलीत तासन्‌तास गप्पा मारतो, कारखान्याचं सांगतो, साक्षीबाईंचं सांगतो, नव्यानं आलेल्यांना धीर देतो. ते कस्तुरीला आत ऐकू येतं. तिच्याशी तो आजारापलीकडचा एक शब्दही बोलत नाही.